घरच्या स्ट्रीमिंग बॉक्सचा बोर्ड: काटकसर कुठे चालेल आणि कुठे नाही?

तांबडा_ट्रेस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर आम्ही तिघं मिळून टीव्हीला जोडायचा एक स्ट्रीमिंग बॉक्स बनवतोय. तिसऱ्या खेपेचा बोर्ड आत्ता समोर टेबलावर चालू आहे. चौथा कारखान्यात जायच्या आधी इथल्या जाणत्यांच्या नजरेखालून जावा, अशी फार इच्छा आहे. एकदा साचा बनला आणि बोर्ड छापले गेले की त्यातली चूक लोकांच्या घरात पाच-सात वर्षं मुक्काम ठोकते.

पहिली खेप काडीच्या आकाराची होती, थेट एचडीएमआयच्या पोर्टात खोचायची. टेबलावर झकास चालायची. मग भिंतीवरच्या टीव्हीच्या मागे लावली आणि फोरके चित्रपट सुरू केला. पाऊण तासाने, कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळायला लागलं. नेट ठणठणीत होतं. टीव्हीमागच्या बोटभर फटीत हात घातला तेव्हा उलगडा झाला, तिथली हवाच तापलेली होती. पॅनेलची उष्णता, त्यात आमच्या काडीची भर, आणि दोन्हींना बाहेर पडायला वाट नाही. चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवत होती. त्या दिवशी काडी बाजूला ठेवली. आता तळहाताएवढा चौकोनी बॉक्स आहे, पंखा नाही.

माझं मत असं की, पुढे बाहेरून बदलता येईल त्या गोष्टीत हात आखडता घ्यावा आणि बोर्डावर कायमचं झाळलं जाणार तिथे घेऊ नये. अ‍ॅडॉप्टर, केबल, रिमोट नवे आणता येतात. रॅम, स्टोरेज, डीकोडर (दाबून लहान केलेला व्हिडिओ उलगडणारा भाग), अँटेना आणता येत नाहीत.

डीकोडरबद्दल आमच्यात वाद नाही, एव्ही१ (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) हार्डवेअरमध्येच हवा. एचईव्हीसी आणि व्हीपी९ या आधीच्या पद्धती २०१३ च्या, एव्ही१ २०१८ ची. डीकोडर सिलिकॉनमध्ये कोरलेला असतो, अपडेटने येत नाही. एनव्हिडियाच्या शील्डचंच बघा. २०१५ ची टेग्रा एक्स१ चिप, सॉफ्टवेअरची देखभाल वर्षानुवर्षं होत राहिली, इतकी निष्ठा फार थोड्या उपकरणांच्या वाट्याला येते. तरीही एव्ही१ हार्डवेअरने उलगडणं त्या चिपला जमणार नाही.

वाद आहेत ते असे: रॅम २ जीबी की ४, स्टोरेज ८ की ३२, नेटवर्क पोर्ट १०० मेगाबिट की गिगाबिट, आणि झाकण धातूचं की प्लास्टिकचं. मोकळेपणाने लिहा.

---

निळा_दिवा

धागा आवडला. पण काडीला इतक्यात निरोप देऊ नका. ती टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर चालली तर अ‍ॅडॉप्टर नको, जास्तीची वायर नको. आणि एक जुनी शंका: एचडीएमआयच्या केबलमधूनच वीज का घेत नाहीत?

---

तांबडा_ट्रेस

निळा_दिवा, एचडीएमआयच्या १८ व्या पिनवर ५ व्होल्ट असतात खरे, पण ते उलट्या दिशेने जातात. बॉक्सने टीव्हीला निदान ५५ मिलिअँपिअर द्यायचे असा नियम आहे, म्हणजे टीव्ही झोपलेला असला तरी त्याची ओळखपत्रिका (कोणतं रिझोल्यूशन चालतं वगैरे) वाचता येते. आपल्याला घेण्यासारखं तिथे काही नाही.

टीव्हीचा यूएसबी २.० पोर्ट असेल तर हक्काचे ५०० मिलिअँपिअर, ५ व्होल्टला अडीच वॅट. सरासरी बघितली तर आमची काडी त्यात बसायची. घात व्हायचा तो झटक्यांमुळे. वाय-फाय पाठवायला लागलं आणि त्याच क्षणी प्रोसेसरचे सगळे कोअर जागे झाले की बारीक वायरीवर व्होल्टेज खाली यायचं आणि काडी रीस्टार्ट. बघणाऱ्याला वाटणार, वस्तूच खराब.

दुसरं म्हणजे बरेच टीव्ही बंद झाले की यूएसबीची वीजही बंद करतात. मग दर वेळी पहिल्यापासून बूट होणार. रात्री शांतपणे अपडेट घ्यावं म्हटलं तर तेही नाही. अर्धवट अपडेटमध्ये वीज गेलेली काडी आमच्याकडे एक पडून आहे.

---

संथ_बफर

रॅमचं थोडं गणित मांडतो, कारण "२ पुरे" आणि "४ हवेच" ही दोन्ही वाक्यं लोक गणिताशिवाय म्हणतात.

फोरके फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल. १०-बिट व्हिडिओत रंगाची माहिती निम्म्या घनतेने साठवली तरी प्रत्येक पिक्सेलमागे सरासरी दीड नमुना पडतो, आणि प्रत्येक नमुना सोयीसाठी २ बाइटमध्ये ठेवतात. एक फ्रेम झाली साधारण २५ एमबी. एव्ही१ आठ संदर्भ फ्रेम (ज्यांच्या आधारे पुढची फ्रेम रचतात त्या) जवळ बाळगू शकतो. त्यात सध्या उलगडत असलेली आणि पडद्यावर जायच्या रांगेतल्या धरा, बारा झाल्या. ३०० एमबी गेले. संरक्षित (कॉपी होऊ नये म्हणून कुलूपबंद) व्हिडिओसाठी ही जागा अनेकदा वेगळी राखूनच ठेवावी लागते, म्हणजे चित्रपट चालू नसतानाही ती इतरांच्या हाती लागत नाही.

२ जीबीत व्हिडिओ नीट चालतो. मार बसतो तो इतरांना. चित्रपट संपवून "मागे" दाबलं की होम स्क्रीन नव्याने भरते, चित्रं एकेक करून उगवतात, कारण सिस्टिमने जागेसाठी तिला मारून टाकलेलं असतं. रोज दहा वेळा होणारी गोष्ट आहे ही.

इंटरफेस फोरकेमध्ये रंगवू नका. त्याचा एक थर ३३ एमबीचा होतो, १०८० मध्ये ८ एमबीचा. तीन मीटरवरून मेन्यूतल्या अक्षरांत फरक शोधून सापडत नाही.

आता खरा मुद्दा. तुम्ही जीबी विचारताय, मी विचारतो बस (रॅम आणि चिपमधला रस्ता) किती रुंद? एकच १६-बिटची रॅम चिप लावून ४ जीबी छापलं तर आकडा छान दिसेल, पण मेमरीचा वेग ३२-बिटच्या निम्मा. ६० फ्रेमच्या व्हिडिओत नुसतं लिहिणंच सेकंदाला दीड जीबी. तेवढंच पुन्हा पडद्यासाठी वाचायचं, संदर्भ फ्रेममधून तुकडे उचलायचे ते वेगळे, वर मेन्यूचा थर. व्हिडिओवर आवाजाची पट्टी सरकत आली की चित्र गचकतं ना, तिथे बहुधा रॅम पुरेशी असते, रस्ता अरुंद असतो.

---

झाळकाम

मी अशा बॉक्सची दुरुस्ती करतो. टेबलावर जे येतं त्यावरून सांगतो.

स्टोरेजमध्ये काटकसर करू नका, हात जोडून सांगतो. ८ जीबीचा हिशोब बघा. गूगलच्या २०२० च्या फोरके क्रोमकास्टमध्ये ८ जीबी होतं, वापरणाऱ्याच्या हाती त्यातलं साडेचारच्या आत-बाहेर उरायचं. २०२४ च्या त्यांच्या नव्या बॉक्समध्ये ते थेट ३२ वर गेले आणि रॅम ४ वर. अनुभवातून आलेली दुरुस्ती आहे ती.

शिवाय तुमचा तो अर्धवट अपडेटमधला मृत नमुना. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, सिस्टिमच्या दोन प्रती ठेवायची सोय आहे. एक चालू असताना दुसरीवर अपडेट लिहिलं जातं, बिघडलं तर जुनी उठते. पण दोन प्रतींना जागाही लागते. ८ जीबीत ही सुरक्षा घ्यायची तर लोकांच्या अ‍ॅपची जागा जाते. लोक रिकामा कोपरा दिसला की भरतात, आणि काठोकाठ भरलेली ईएमएमसी (बोर्डावरची स्टोरेज चिप) फार हळू चालते. आतल्या कंट्रोलरला पुसून पुन्हा वापरायला मोकळे ब्लॉक उरत नाहीत, तेच तेच ब्लॉक घासले जातात. माझ्याकडे तक्रार येते ती "रिमोट बिघडला" अशी. रिमोट चांगला असतो. बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी पडदा हलतो, कारण खाली स्टोरेज धापा टाकत असतं.

आता उष्णतेचं. एक बॉक्स उघडला होता, तासाभराने बंद पडायचा. झाकण काढल्यावर थर्मल पॅड (चिपची उष्णता वरच्या धातूकडे नेणारा मऊ थर) पाहिला. चिपचा ठसा त्यावर पूर्ण चौकोनी उमटायला हवा, उमटला होता एका कोपऱ्याचा, नखाएवढा त्रिकोण. बाकी पॅड कोरा. झाकण नुसत्या क्लिपांवर बसवलेलं, एक बाजू अर्धा मिलिमीटर वर राहिलेली. हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातू) उत्तम होता, पण तिथपर्यंत उष्णता पोचतच नव्हती. क्लिपांचा भरवसा धरू नका. चिपच्या दोन बाजूंना दोन स्क्रू द्या, म्हणजे दाब कायम राहील.

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर हीटसिंकच्या सावलीत बसवू नका. ढोबळ नियम असा की दर १० अंश कमी तापमानाला त्याचं आयुष्य दुप्पट. बोर्डावर दोन सेंटिमीटर सरकवल्याने वर्षं वाढतात.

वीजपुरवठा बाहेरच ठेवा. आत घेतला की त्याची उष्णताही आत आणि बिघडला तर अख्खा बॉक्स उघडा. यूएसबी-सी देणार असाल तर दोन्ही सीसी पिनांना (अ‍ॅडॉप्टरला जोडणी ओळखवून देणाऱ्या) वेगवेगळे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर लावा. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या बोर्डांत दोघांना मिळून एकच होता, आणि काही केबलींवर तो सुरूच व्हायचा नाही. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते सुधारलं.

---

लहर_लांबी

झाकणाबद्दल. पूर्ण धातूचं केलंत तर थंड राहील आणि वाय-फायला बहिरं होईल. पूर्ण प्लास्टिकचं केलंत तर उलट. काडीचं मरण फक्त उष्णतेत नव्हतं हेही लक्षात घ्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब. दोन अँटेनांनी एकमेकींच्या पायात यायचं नसेल तर त्यांच्यात सहा-एक सेंटिमीटर अंतर हवं. काडीत ते कुठून आणणार? तळहाताएवढ्या बॉक्सच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत ते मिळतं.

२०१३ च्या पहिल्या क्रोमकास्टमध्ये फक्त २.४ गिगाहर्ट्झ होतं, आणि खोक्यात एचडीएमआयची एक छोटी जोडकेबल यायची, काडीला टीव्हीच्या पाठीपासून जरा दूर नेण्यासाठी. २०१५ ला आकारच बदलला: गोल चकती, लवचिक केबलवर लोंबणारी, आणि सोबत ५ गिगाहर्ट्झ. अँटेनाला टीव्हीच्या धातूच्या पत्र्यापासून सुटका हवी होती, ती त्या आकारातून मिळाली असं मी तरी त्याकडे बघतो.

तुमच्या बॉक्सवर यूएसबी ३ आहे का? असेल तर का आहे हे स्वतःला विचारा. त्याच्या सिग्नलचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. ब्लूटूथ रिमोटही त्याच पट्ट्यात बोलतो. म्हणजे मागे हार्ड डिस्क लावली की रिमोट चुकायला लागणार, आणि कारण कोणालाच सापडणार नाही. यूएसबी २.० चे ४८० मेगाबिट चित्रपट बघायला भरपूर झाले.

---

बटण_ताई

मला बोर्डातलं कळत नाही, पण आईवडिलांच्या घरचा टीव्ही मीच सांभाळते, त्यामुळे दोन गोष्टी नक्की सांगू शकते.

पहिली, वजन. त्यांच्याकडचा बॉक्स इतका हलका आहे की एचडीएमआयची जाड केबल त्याला उचलून धरते. पुढची बाजू अधांतरी, मागची कडेला टेकलेली. स्वच्छता करताना केबलला धक्का लागला की तो मागे पडतो. मी त्याला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बांधून ठेवलाय.

दुसरी, रिमोट. बाबा रिमोट नेहमी टीव्हीकडे धरून दाबतात, ती पन्नास वर्षांची सवय आहे. ब्लूटूथचा रिमोट कुठेही धरला तरी चालतो, ते उत्तम. पण एकदा जोडणी तुटली तेव्हा ती पुन्हा जोडायच्या सूचना पडद्यावर आल्या, आणि "पुढे" जायला तोच रिमोट हवा होता. बाबा फोनवर म्हणाले, "मी सगळं बरोबर दाबतोय गं." ते ऐकून फार वाईट वाटलं. ते खरंच बरोबर दाबत होते. बॉक्सवर एक तरी खरं बटण द्या. टाचणी खुपसायचं भोक नको, बोटाने दाबायचं बटण.

आणि पुढचा दिवा मंद ठेवा. अंधारात तो डोळ्यांत जातो.

---

तांबडा_ट्रेस

ताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या गटाला वाचून दाखवला. बटण येणार. रिमोटमध्ये जुनी इन्फ्रारेड सोयही ठेवतोय, ३८ किलोहर्ट्झवाली. ब्लूटूथ तुटलं तरी बाण आणि "ओके" चालतील. बॉक्सवर एक रिसीव्हर आणि समोर काळी खिडकी एवढाच खर्च आहे तो, आणि गेल्या बैठकीत मीच तो काढून टाकला होता.

---

दोन_बाजू

नेटवर्क पोर्टवर माझं उलट मत. १०० मेगाबिट पुरतो. नेटफ्लिक्स स्वतः फोरकेसाठी १५ मेगाबिट सुचवतं. गिगाबिटची चिप जास्त वीज खाते, जास्त तापते, आणि पंखा नसलेल्या बॉक्समध्ये प्रत्येक अंश मोजायचाय तर तो इथे का घालवायचा? बहुतेक लोक केबल लावणारही नाहीत.

---

तबकडी_जपणारा

बहुतेक लोक लावणार नाहीत, मान्य. पण जे लावतात ते का लावतात? माझ्यासारखे, ज्यांच्या ब्लू-रे तबकड्यांतले चित्रपट घरच्या सर्व्हरवर आहेत. फोरके ब्लू-रेचा कमाल दर १२८ मेगाबिटपर्यंत जातो. पाऊस, धूर, गर्दी असलेल्या दृश्यात दर उसळी मारतो, १०० चा पोर्ट तुंबतो, चित्र थांबतं. केबल काढून वाय-फायवर गेलं की सुरळीत. केबलपेक्षा वाय-फाय वेगवान असलेला बॉक्स घरात असणं हे मला पटत नाही.

त्याहून मोठी विनंती, फ्रेमचा दर. चित्रपट बहुतेक वेळा २३.९७६ ने साठवलेले असतात, अचूक २४ ने नव्हे. बॉक्सने टीव्हीला अचूक २४ दिले तर साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. शांत दृश्यात कळत नाही. कॅमेरा हळूहळू डोंगररांगेवरून सरकत असेल तर त्या क्षणी चित्राला उचकी लागते, आणि एकदा दिसली की डोळा पुढच्या उचकीची वाट बघत बसतो. दोन्ही दर वेगवेगळे काढता येतील असं घड्याळ आत्ताच बोर्डावर घ्या. नंतर सॉफ्टवेअरवर ढकललंत तर ते कधीच पूर्ण होत नाही असा अनुभव आहे.

---

दोन_बाजू

१२८ चा आकडा माझ्या डोक्यात नव्हता. मागे घेतो.

---

तांबडा_ट्रेस

आज आम्ही तिघं पुन्हा बसलो. ठरलं ते असं.

रॅम ४ जीबी, ३२-बिट बसवर, दोन चिपांत. बोर्ड थोडा मोठा होतोय, होऊ दे. मेन्यू १०८० मध्येच. स्टोरेज ३२, सिस्टिमच्या दोन प्रती. गिगाबिट घेतोय. केबल नसेल तेव्हा ती चिप झोपवता येते, म्हणजे उष्णतेचा भार फक्त वापरणाऱ्यालाच. यूएसबी २.० वर आलो. यूएसबी ३ चा पोर्ट गेल्या खेपेला नुसता चांगला दिसतो म्हणून ठेवला होता. घड्याळाचं तपासलं. आमच्या चिपच्या आतल्या पीएलएलमधून (घड्याळाचे वेगवेगळे दर काढणारं सर्किट) २३.९७६ निघतो, पण आम्ही आवाजासाठी जी जोडणी केली होती तिने तो अडवला होता. घड्याळाला ठोका देणारा एक क्रिस्टल वाढवतोय.

अडकलोय ते वजनावर. ताईंसाठी तळाला पोलादी पत्रा घालावा म्हटलं, तर लहर_लांबी म्हणणार अँटेना मेली.

---

लहर_लांबी

म्हणणारच. अँटेनाखाली पत्रा आला की तिचा सूर बदलतो. पण पत्रा संपूर्ण तळाला कशाला हवा? दोन कोपरे मोकळे सोडा, निदान दीड-दोन सेंटिमीटर, आणि अँटेना एचडीएमआयच्या सॉकेटपासून लांबच्या कोपऱ्यांत न्या.

---

झाळकाम

मग पोलाद नकोच. तुमची उष्णता पसरवणारी ॲल्युमिनियमची पट्टी वरच्या झाकणात आहे ना? ती तळाशी आणा आणि तिप्पट जाड करा. चिप बोर्डाच्या खालच्या बाजूला बसवा, मध्ये पॅड, दोन स्क्रू. वजनाला वजन आणि थंडाव्याला थंडावा. वर नुसतं प्लास्टिक, त्यातून रेडिओ मोकळा.

---

तांबडा_ट्रेस

हे आम्हाला सुचलं नव्हतं. काल पट्टी कापून नमुना करून पाहिला, कोपरे मोकळे ठेवून, जाड पट्टी तळाला. एचडीएमआयची सगळ्यात ताठ केबल लावली, बॉक्स जागचा हलला नाही. तीन तास फोरके ६० फ्रेम चालवलं, वेग उतरला नाही. तळ मात्र चांगलाच कोमट होतो, आणि खाली हवा जायला जागा कमी आहे.

---

झाळकाम

पाय उंच करा, पाच-सहा मिलिमीटर. आणि रबरी पाय गोंदाने चिकटवू नका. कोमट तळावर गोंद वर्षभरात मऊ होतो, पाय सरकतात, एखादा गळून पडतो आणि बॉक्स पुन्हा तिरका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बॉक्सचा एखादा तरी पाय गळालेला असतो. पट्टीत खाच पाडा आणि रबर आतून ओढून बसवा, मशरूमसारखं डोकं असलेलं.

---

बटण_ताई

तो पाय आणि ते बटण, दोन्ही झाले की फोटो टाका. बाबांना दाखवायचाय.